सीएसआरच्या पैशातून शाळेत विज्ञान कसं रुजवायचं: एका तालुक्याचा आराखडा

चाकण, बुटीबोरी, वाळूज, सातपूर अशा एमआयडीसींच्या आसपासच्या अनेक शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट असतं. दारावर देणगीदार कंपनीचं नाव ऑइलपेंटने रंगवलेलं असतं. आत सूक्ष्मदर्शक थर्माकोलच्या खोबणीत आला तसाच बसलेला असतो आणि परीक्षानळ्यांच्या खोक्यावरची चिकटपट्टीही निघालेली नसते. किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक पंचायत समितीच्या बैठकीला गेलेले. शेजारच्या वर्गात सर किंवा बाई फळ्यावर सूक्ष्मदर्शकाची आकृती काढून भागांना नावं देत असतात.

या कपाटावर झालेला खर्च कागदोपत्री चोख असतो. बिलं, फोटो, उद्घाटनाची बातमी, सगळं फाइलला लागलेलं. शिकण्यात मात्र काही फरक पडत नाही, कारण पैसा वस्तूपर्यंत येऊन थांबला. सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामांवर खर्च करायच्या पैशातून, विज्ञान शिक्षणाला मदत करायची असेल तर पहिला रुपया शिक्षकावर खर्च व्हायला हवा, दुसरा मुलांच्या हातात रोज येणाऱ्या स्वस्त सामानावर, आणि उरलेला उपकरणांवर, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक प्रस्तावांत हा क्रम नेमका उलटा असतो. तो सुलटा कसा करायचा ते या लेखात सांगतो.

हा लेख मुख्यतः मध्यम आकाराच्या कंपनीत एचआर किंवा ॲडमिनचं काम सांभाळून सीएसआरही बघणाऱ्यांसाठी आहे. संस्था चालवणाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांनाही तो उपयोगी पडेल, कारण कंपनीकडे काय मागायचं आणि काय नाकारायचं हे त्यांनाही ठाऊक हवं.

कायदा: कामापुरता

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे या सगळ्याचं मूळ. ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आदल्या आर्थिक वर्षात कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ती कामं कोणती, याची यादी अनुसूची ७ मध्ये आहे. त्यात शिक्षण आणि रोजगारक्षम कौशल्यं येतात. शिवाय नवउद्योगांना आधार देणाऱ्या, सरकारी निधीवर चालणाऱ्या इन्क्युबेटरना, विज्ञान-तंत्रज्ञानातल्या संशोधन प्रकल्पांना, सार्वजनिक विद्यापीठांना, आयआयटींना आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांना दिलेला पैसाही चालतो. देशभरात दरवर्षी सीएसआरवर २५ हजार कोटींहून जास्त खर्च होतो. शिक्षण त्यात अग्रक्रमावर असतं आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा असतो. थोडक्यात, आपल्याकडे पैशाची चणचण नाही.

मुदतीचे आणि फॉर्मचे तपशील तुमचे कंपनी सेक्रेटरी सांगतीलच. पण काही गैरसमज इतके पक्के बसलेत की त्यांच्यामुळे चांगले प्रकल्प सुरू होण्याआधीच मोडतात.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘पगार चालत नाहीत, वस्तूच द्यायच्या’. नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारासाठी आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च तिच्यात धरला जात नाही. शाळांत फिरणाऱ्या प्रशिक्षकाचं मानधन हा प्रकल्पाचा खर्च आहे. हे वाक्य संचालक मंडळाच्या टिपणीत सुरुवातीलाच लिहा.

दुसरा, कंपनीतले जुने संगणक शाळेला देऊन त्यांची किंमत सीएसआरमध्ये दाखवता येते असा. तसं करता येत नाही, कारण खर्च पैशांत व्हावा लागतो. संगणक जरूर द्या, पण हिशेबात धरू नका. कर्मचाऱ्यांनी शाळेत दिलेल्या तासांचंही तेच. तिसरा गैरसमज जीएसटीचा: १ ऑक्टोबर २०२३ पासून सीएसआरच्या खरेदीवर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणून अंदाजपत्रकात किंमत करासकट धरा. आणि प्रकल्प केवळ आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी असेल किंवा त्याचा हेतू कंपनीची जाहिरात हा असेल, तर तो सीएसआर ठरतच नाही.

पहिली पायरी: काही ठरवायच्या आधी वर्गात मागच्या बाकावर बसा

शाळेला ‘तुम्हाला काय हवं’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: स्मार्ट बोर्ड, संगणक, संरक्षक भिंत, वॉटर फिल्टर. यात शाळेचं काही चुकत नाही. देणारे आजवर हेच देत आलेत, म्हणून मागणारेही तेच मागतात. त्यामुळे प्रश्न बदलायला हवेत.

निवडलेल्या भागातल्या पाच-सहा शाळांत पूर्ण दिवस घालवा. विज्ञानाचा तास सुरू असताना मागे बसा. मग शिक्षकांशी निवांत बोला. मागच्या महिन्यात मुलांनी स्वतःच्या हातांनी कोणता प्रयोग केला? पुस्तकातला कोणता प्रयोग करायचा राहून गेला, आणि का? विज्ञान शिकवणारे शिक्षक विज्ञानाचेच पदवीधर आहेत का? सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान एकाच शिक्षकाकडे आणि त्यांच्याकडेच शाळेची ऑनलाइन माहिती भरायचं कामही, असं चित्र जिल्हा परिषद शाळांत नवं नाही. वर्गात वीज किती वाजता जाते? पाणी वर्गापर्यंत येतं की हातपंपावरून आणावं लागतं? एका बाकावर किती मुलं बसतात?

मुलांनाही विचारा, पण प्रश्न तोंडी नको. एक सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा हातात द्या आणि बल्ब पेटवायला सांगा. परिपथाची आकृती वहीत सुबक काढणारी मुलं वायरचं एक टोक सेलला आणि दुसरं बल्बच्या तळाला लावून थांबतात. बल्बचा धातूचा आटा सेलच्या दुसऱ्या टोकाला टेकवला की काम होतं, पण बल्बला दोन जोडणीची ठिकाणं असतात हे आकृतीतून कळलेलं नसतं. ही पाच मिनिटांची चाचणी तुमच्या संचालकांसमोर एखाद्या शाळेत करून दाखवा. कितीही स्लाइड दाखवल्या तरी जे पटणार नाही, ते तिथे पटेल.

दुसरी पायरी: वर्ग आणि परिसर नक्की करा

आपल्याकडे तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास, सहावी ते आठवीला सामान्य विज्ञान आणि नववी-दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञान असतं. पैसा मर्यादित असेल तर मी सहावी ते आठवी निवडेन. दहावीचं दडपण अजून आलेलं नसतं, विषय नुकताच वेगळा झालेला असतो, आणि ‘मला विज्ञान जमत नाही’ हा ग्रह याच तीन वर्षांत पक्का होतो. नववी-दहावीत काम करायचं असेल तर ग्रामीण भागात बहुतेक शाळा खासगी अनुदानित संस्थांच्या असतात. तिथे मुख्याध्यापकांइतकंच संस्थाचालकांशी बोलणं आवश्यक असतं.

शाळा विखरून निवडू नका. पाच जिल्ह्यांत चार-चार शाळा घेतल्या तर वार्षिक अहवालातला नकाशा भरलेला दिसतो, पण प्रशिक्षकाचा अर्धा दिवस रस्त्यात जातो. एका तालुक्यातली लगतची दोन-तीन केंद्रं (आसपासच्या शाळांचे प्रशासकीय गट) घ्या. केंद्रप्रमुख ओळखीचे होतात, शिक्षक एकमेकांकडून सामान नेऊ शकतात आणि एका शाळेतली चांगली गोष्ट शेजारच्या शाळेत आपोआप पोहोचते. कंपनीच्या जवळच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाही सांगतो. मात्र जवळच्या शाळांना आधीच चार कंपन्यांनी दत्तक घेतलं असेल, तर एसटी दिवसातून दोनदाच जाते अशा पलीकडच्या गावांकडे वळणं योग्य.

जिल्हा परिषद शाळा असतील तर शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी, गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत आणि प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीचा ठराव, एवढं तरी करून घ्या. साहेबांची बदली होते, पण ठराव फाइलमध्ये राहतो.

तिसरी पायरी: सोबत कोण

कंपनी स्वतः काम करू शकते, पण मध्यम कंपनीला ते झेपत नाही. बाहेरची संस्था घ्यायची तर ती कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी झालेली असली पाहिजे, आयकराच्या १२अ आणि ८०जी या करसवलतीच्या नोंदण्या हव्यात आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा.

हे झालं कागदाचं. खरी पारख वेगळी आहे. संस्थेच्या कार्यालयात सादरीकरण बघू नका. ती आधीपासून काम करते त्या शाळेत, उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, साध्या मंगळवारी जा. तिचा प्रशिक्षक मुलाचा प्रयोग फसल्यावर काय करतो ते बघा. लगेच हातातून घेऊन स्वतः करून दाखवतो, की ‘काय बदलून बघूया?’ असं विचारतो? संस्था निवडताना माझ्यासाठी हाच निकष सर्वांत वरचा आहे.

महाराष्ट्रात शिकण्यासारखी ठिकाणं कमी नाहीत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान कसं शिकवावं यावर संशोधन करतंय. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांनी हजारो शिक्षकांची भीड मोडली. पुण्याच्याच आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेचा ‘आयराइज’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा उपक्रम टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागाने चालतो. संशोधन संस्था, कंपनी आणि सरकारी शाळांचे शिक्षक एकत्र कसे आणता येतात, हे तिथे बघायला मिळतं. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करतेय आणि तिच्या शाखा गावोगावी आहेत. तुमची स्थानिक संस्था लहान असली तरी हरकत नाही. तिच्या माणसांना यांपैकी एका ठिकाणी आठवडाभर शिकायला पाठवा आणि तो खर्च प्रकल्पात धरा.

चौथी पायरी: दोन कॅलेंडरं जुळवा

यात सर्वांत जास्त प्रकल्प अडकतात, आणि चर्चा मात्र फारशी होत नाही. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात त्याहून उशिरा. संचालक मंडळ मे-जूनमध्ये रक्कम मंजूर करतं, करारावर सह्या होईपर्यंत गणपती येतात, पहिला हप्ता दिवाळीच्या सुमारास पडतो. डिसेंबर-जानेवारी क्रीडा स्पर्धा आणि स्नेहसंमेलनात जातो. मग मार्च जवळ आल्याची हाकाटी होते आणि उरलेल्या पैशांतून टॅब किंवा टेलिस्कोप घेतले जातात.

यावर उपाय कायद्यातच आहे. प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या. सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो. मार्चअखेर उरलेली रक्कम ३० दिवसांत बँकेतल्या स्वतंत्र ‘अखर्चित सीएसआर खात्यात’ टाकली की ती पुढे त्याच कामासाठी वापरता येते. एका वर्षाचाच प्रकल्प असेल तर ही सोय नाही. उरलेला पैसा सहा महिन्यांत प्रधानमंत्री राष्ट्रीय मदत निधीसारख्या अनुसूचीतल्या निधीत भरावा लागतो.

त्यानुसार आखणी अशी करा: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शाळा पाहणं, जानेवारी-फेब्रुवारीत संस्था आणि मंजुरी, मार्चमध्ये करार, एप्रिलमध्ये माणसांची नेमणूक, मेमध्ये सामान आणि प्रशिक्षकांची तयारी, जूनमध्ये शाळा उघडल्यावर शिक्षकांची पहिली कार्यशाळा. पहिला हप्ता एप्रिलमध्येच द्या. लहान संस्थेला तीन-तीन महिने पदरमोड करून काम करायला लावू नका.

पाचवी पायरी: अंदाजपत्रक

समजा, कंपनीचा तीन वर्षांचा सरासरी निव्वळ नफा २० कोटी आहे. सीएसआरची रक्कम झाली ४० लाख. ती ५० लाखांच्या आत असल्याने वेगळी सीएसआर समितीही लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. त्यातले २५ लाख दरवर्षी याप्रमाणे विज्ञान शिक्षणाला द्यायचे, एका तालुक्यातल्या २० शाळा, सहावी ते आठवीची साधारण २,४०० मुलं आणि ४० शिक्षक. पहिल्या वर्षाची माझी मांडणी अशी असेल (आकडे उदाहरणादाखल):

- दोन फिरते विज्ञान-सहायक, दरमहा २५,००० रुपये प्रत्येकी: ६,००,०००
- एक समन्वयक, दरमहा ४०,०००: ४,८०,०००
- शिक्षकांच्या कार्यशाळा, प्रवास, मानधन, हस्तपुस्तिका: ३,००,०००
- प्रयोग साहित्य, शाळेमागे ३०,०००: ६,००,०००
- संपणारं सामान आणि दुरुस्ती, शाळेमागे ८,०००: १,६०,०००
- प्रवास आणि तालुक्याची विज्ञान जत्रा: १,५०,०००
- सुरुवातीची आणि शेवटची चाचणी, नोंदी: १,००,०००
- संस्थेचा कार्यालयीन खर्च: १,१०,०००

एकूण २५ लाख, म्हणजे मुलामागे वर्षाला हजारभर रुपये. यात माणसांवरचा आणि शिक्षकांवरचा खर्च निम्म्याहून जास्त आहे, यावर मंडळात प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा: कपाटातलं सामान बाहेर काढणारं माणूस नसेल तर सामानावरचे सहा लाखही वाया जातात. दुसऱ्या वर्षी सामानाचा मोठा खर्च नसतो. त्या पैशांत पाच-सात शाळा वाढवता येतात किंवा आठवीनंतर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलांचा पाठपुरावा करता येतो.

विज्ञान-सहायक म्हणून त्याच तालुक्यातले बीएस्सी झालेले मुलगे-मुली घ्या, निदान एक तरी मुलगी असू द्या. गावातलीच ताई भिंगातून कांद्याची पेशी दाखवते, हे सातवीतल्या मुलीसाठी किती मोठं असतं ते प्रत्यक्ष बघितल्यावरच कळतं.

सहावी पायरी: सामान कोणतं आणि ते फुटू कसं द्यायचं

तयार ‘सायन्स किट’ विकणारे तुमच्याकडे येतीलच. एकच प्रश्न विचारा: एका वर्गातल्या चाळीस मुलांसाठी यात किती संच आहेत? शिक्षकाने टेबलावर एकदा करून दाखवायचा एक सुंदर संच नको. चार मुलांमागे एक याप्रमाणे दहा साधे संच हवेत. दीड व्होल्टचे सेल, एलईडी, बझर, मगर-चिमटे, चुंबकं, भिंगं, सपाट आणि गोलीय आरसे, स्प्रिंग काटे, मोजपात्रं, तापमापी, प्लॅस्टिकच्या सिरिंज आणि नळ्या. सिरिंज आणि नळ्यांत दाब, द्रवचलित यंत्रणा आणि श्वसनाची प्रतिकृती असे तीन धडे निघतात. सूक्ष्मदर्शक घेताना आरशावर चालणारा घ्या, दिव्यावरचा नको, म्हणजे वीज गेली तरी तास थांबत नाही. मनू प्रकाश यांचं फोल्डस्कोप हे कागदी सूक्ष्मदर्शक साधारण १४० पट मोठं दाखवतं, मूल ते खिशात घालून ओढ्यावर नेऊ शकतं.

लिटमस कागद, आयोडीन, मॅग्नेशियमची फीत, काचपट्ट्या, विरल आम्ल हे दरवर्षी संपणार. संपलं तर चांगलंच आहे. आम्लं जपून, लहान बाटल्यांत, मराठीत लेबल लावून, कुलपात ठेवा. चष्मे आणि वाळूची बादली यांवर तडजोड नको.

आता त्या बंद कपाटाचं कारण. शाळेला मिळालेली वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढते. एकदा चढली की तिची जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. चंचुपात्र फुटलं तर निर्लेखनाचा (वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा) प्रस्ताव, वरची मंजुरी, तपासणीत प्रश्न. चाळीस मुलांच्या हातात काच देऊन हे ओढवून घेण्यापेक्षा कपाट बंद ठेवणं त्यांना सोयीचं वाटतं, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून देणगीपत्रातच दोन याद्या करा. सूक्ष्मदर्शकासारख्या टिकाऊ वस्तूंची वेगळी, आणि काच, सेल, रसायनं, छोटं सामान ‘वापरून संपणारं साहित्य’ म्हणून वेगळी. दुसरी यादी उपभोग्य वस्तूंच्या वहीत जाईल हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून आधी लिहून घ्या. सोबत कराराच्या मसुद्यात एक वाक्य घाला: प्रयोग करताना होणारी तूटफूट गृहीत धरली आहे आणि ती प्रकल्पातून भरून दिली जाईल. हे वाक्य वाचून मुख्याध्यापकांचा चेहरा बदलतो, आणि किल्ली शिक्षकांकडे येते.

टिकाऊ वस्तूंची मालकी कंपनीकडे ठेवता येत नाही हेही लक्षात असू द्या. ती सार्वजनिक प्राधिकरणाकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा नोंदणीकृत संस्थेकडे द्यावी लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रश्न सोपा आहे: ताबा पावती घ्या आणि मोकळे व्हा.

सातवी पायरी: शिक्षक

हॉटेलच्या सभागृहात दोन दिवसांचं प्रशिक्षण, फाइल, पेन, प्रमाणपत्र. हे करू नका. शिक्षकांना अशी प्रशिक्षणं पुरेशी झाली आहेत.

त्याऐवजी आधीपासून असलेली व्यवस्था वापरा. केंद्रस्तरावर दर महिन्याला शिक्षण परिषद भरते. केंद्रप्रमुखांशी बोलून तिथला दीड-दोन तासांचा वेळ मागून घ्या. त्या वेळात शिक्षकांनी पुढच्या महिन्यात शिकवायच्या धड्यातले दोनच प्रयोग स्वतः करायचे. भाषण नाही. सामान वाटायचं, खाली सतरंजीवर बसायचं, करायचं, फसायचं, पुन्हा करायचं. मोठ्या माणसांना मुलांसमोर प्रयोग फसण्याची भीती असते आणि ती आपापसांत चार वेळा फसल्यावरच जाते.

एक उदाहरण देतो, कारण त्याला जवळपास काहीच सामान लागत नाही. दोरा आणि नट. कारखान्यातले वेगवेगळ्या वजनांचे नट शाळेत नेता येतात. दोऱ्याला नट बांधून लंबक करायचा आणि आधी विचारायचं: जड नट लावला तर झोके लवकर होतील की सावकाश? हात वर करायला लावा. जवळजवळ सगळा वर्ग आणि काही शिक्षकही जड नटाच्या बाजूने असतात. मग मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा झोके मोजा. दोरा एक मीटरचा असेल तर दहा पूर्ण झोक्यांना साधारण २० सेकंद लागतात. नट बदला, तरी २०च. आता वर्गात गोंधळ सुरू होतो, आणि हाच गोंधळ हवा असतो. कुणीतरी म्हणतं दोरा लहान करून बघू. पाव मीटर केला की दहा झोके १० सेकंदांत. लांबी चौथाई, वेळ निम्मा. एखादी मुलगी न सांगता ५० सेंटिमीटरवर मोजून बघते आणि १४ सेकंद आल्यावर बुचकळ्यात पडते, कारण तिला १५ यायला हवे होते. तिला वर्गमूळ शिकवायची याहून चांगली वेळ मिळणार नाही.

कार्यशाळेनंतर महिन्यातून दोनदा विज्ञान-सहायकाने प्रत्येक शाळेत जायचं. तास शिक्षकांनीच घ्यायचा, सहायकाने मदतीला उभं राहायचं. सहायक तास घेऊ लागला की शिक्षक माहिती भरायला कार्यालयात जातात आणि प्रकल्प संपला की सगळं संपतं. हा नियम करारात लिहा आणि पाळला जातो का ते अचानक जाऊन बघा.

गटांकडे बारीक लक्ष हवं. चौघांच्या गटात दोन मुलगे सामान हाताळतात आणि दोघी मुली वहीत निरीक्षणं लिहितात, असं कुणी न ठरवताही घडतं. दर प्रयोगाला कामं फिरली पाहिजेत: एक जोडणार, एक मोजणार, एक लिहिणार, एक सांगणार. फळ्यावर आळीपाळीचा तक्ता लावला की दोन महिन्यांत सवय लागते.

साहित्य मराठीत असू द्या. सेमी-इंग्रजीच्या वर्गांसाठी दोन्ही भाषांत संज्ञा द्या. मेळघाटात किंवा पालघरच्या डोंगरी भागात काम असेल तर सूचना कोरकू किंवा वारली बोलणाऱ्या सहायकाकडून तोंडी याव्यात, छापील कागद तिथे तोकडा पडतो.

आठवी पायरी: कंपनीकडे पैशाशिवाय जे आहे ते

तुमच्या कारखान्यात बारीक मापं घेणारा व्हर्नियर कॅलिपर रोज वापरला जातो. दहावीनंतर विज्ञान शाखेला गेलेली मुलं तो पहिल्यांदा अकरावीत बघतात. आठवीच्या मुलांना गुणवत्ता तपासणी विभागात नेऊन एकाच बॅचमधले दहा शाफ्ट मोजायला लावा. दहाही माप किंचित वेगळं देतात. मग तिथल्या तंत्रज्ञाने सांगावं, किती फरक चालतो, किती झाला तर माल परत येतो. मापनातली अचूकता हा धडा असा शिकवला तर विसरला जात नाही. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात पीएच मोजणं हाही सातवी-आठवीच्या आम्ल-आम्लारीचा उत्तम तास होतो.

सहल पंचवीस मुलांची ठेवा, दोनशेंची नको. सुरक्षेचे बूट-टोपी आणि लेखी परवानगी हवी, आणि कंपनीचा माहितीपट दाखवण्यात वेळ घालवू नका. फिटर, वेल्डर, टूलरूमचे अनुभवी लोक मुलांशी बोलले तर फार बरं. निवृत्त होणाऱ्या टूलमेकरना विचारा, त्यांच्यातले काही जण महिन्यातून दोन दिवस शाळेत आनंदाने येतील.

टिंकरिंग लॅब आणि रोबोट

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) शाळेला पाच वर्षांत २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. ती योजना चांगली आहे, आणि तुमच्या भागात अशी लॅब असेल तर नवी बांधण्यापेक्षा तिला चांगला मार्गदर्शक आणि सुटे भाग द्या. थ्रीडी प्रिंटरचा नोझल तुंबला म्हणून वर्षभर बंद पडलेली लॅब थोड्या पैशांत पुन्हा सुरू होते.

तंत्रज्ञान शिक्षणात पैसा घालायचा तर मला पाबळची वाट जास्त भरवशाची वाटते. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधून बाहेर पडले आणि १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून तयार झालेल्या मूलभूत तंत्रज्ञान अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार विभागांत हाताने काम करतात, आणि गावाला उपयोगी पडणारी कामं करून देतात. हा अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांत सीएसआरच्या मदतीने गेला. शिवाय २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा) सुरू झाली तीही पाबळलाच. रोबोट विकत घेण्याआधी मुलांना शाळेतल्या नळाची गळती दुरुस्त करता येते का, हे विचारून घ्या.

मोजायचं काय

‘२,४०० लाभार्थी’ हा आकडा अहवालात जाईलच, पण त्यावर विसंबू नका. सरासरी सीएसआर खर्च १० कोटींच्या आत असेल तर बाहेरच्या संस्थेकडून प्रभाव मूल्यमापन बंधनकारक नसतं, तरी साधी मोजणी स्वतः करा. जुलैमध्ये आणि फेब्रुवारीत प्रत्येक शाळेतल्या यदृच्छेने निवडलेल्या दहा मुलांना तीन कृती द्या: बल्ब पेटवणं, दिलेल्या तीन द्रवांतलं आम्ल ओळखणं, लंबकाबद्दल स्वतःचा एक प्रश्न विचारून मोजून बघणं. शक्य असेल तर प्रकल्पाबाहेरच्या चार शाळांतही हेच करा, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल.

आणखी तीन नोंदी ठेवा. प्रत्येक शिक्षकाने महिन्यात किती प्रयोग मुलांकडून करून घेतले. संपणारं सामान किती संपलं. किती काच फुटली. वर्षभरात एकही परीक्षानळी न फुटलेली शाळा असेल तर तिथे लगेच जा, कपाट बंद असणार.

प्रयोगांच्या नोंदी तपासणीसारख्या मागू नका, नाहीतर त्या भरल्या जातील आणि प्रयोग होणार नाहीत. सहायकाच्या भेटीत वह्या चाळल्या तरी पुरे. मुलांच्या वह्यांत सगळ्यांचं निरीक्षण शब्दशः सारखं असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे.

तिसऱ्या वर्षी

बाहेर पडायची तयारी पहिल्या वर्षीच सुरू करावी लागते. दुसऱ्या वर्षाअखेर प्रत्येक केंद्रात दोन असे शिक्षक ठरवा जे पुढे शिक्षण परिषदेतला प्रयोगांचा तास घेतील. त्यांना तिसऱ्या वर्षी सहायकाबरोबर शेजारच्या शाळांत जाऊ द्या आणि त्या दिवसांची कर्तव्यरजा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून आधी मिळवा. संपणाऱ्या सामानाचा वर्षाचा आठ हजारांचा खर्च पुढे कोण करणार, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत खुलेपणाने मांडा. ग्रामपंचायत, माजी विद्यार्थी किंवा शाळेचं संयुक्त अनुदान, जिथून मिळेल तिथून त्याची लेखी सोय व्हावी. कंपनीने पुढची दोन वर्षं फक्त हा छोटा खर्च उचलायचं ठरवलं तरी चालेल: २० शाळांचे मिळून १ लाख ६० हजार. तो वेगळा प्रकल्प म्हणून मंजूर करून घ्या, आणि सामान मागवायची तारीख १५ जूनच्या आधीची ठेवा.